चढावर दमणारं घर

ठाण्याच्या कोपरीतल्या एका गृहस्थांनी मला फसवलं, असं गेल्या हिवाळ्यात दीड महिना मी भेटेल त्याला सांगत होतो. अजून पूर्ण थांबलेलो नाही, पण आवाज जरा खाली आलाय.

डोंबिवलीत माझं मिक्सर-पंख्यांचं दुकान आहे. सुरुवात फुटपाथवर चहाच्या गाळण्या विकून केली, त्यामुळे सांगितलेल्या भावात वस्तू घेणं मला अजूनही अपमान वाटतो. त्या गृहस्थांकडे एक जुनी डिझेल मिनीबस होती. सीट काढून त्यांनी स्वतःच्या हातांनी तिच्यात दोन बिछाने, शेगडी, छोटं बेसिन आणि पडदे बसवले होते. आयुष्यभर वर्कशॉपमध्ये डिझेल इंजिनं दुरुस्त केलेला माणूस, पण गुडघे गेले म्हणून गाडी विकायला काढलेली. मी ओळीने चार रविवार घासाघीस केली. चौथ्या रविवारी ते हात जोडून म्हणाले, "शेठ, न्या एकदाची. तुम्हाला चहा पाजणं आता गाडी सांभाळण्यापेक्षा महाग पडतंय."

गाडी घेतली ती बायकोसाठी. तिचं माहेर माळशेज घाटाच्या पलीकडे, ओतूरजवळ. लग्न झाल्यापासून एसटीने घाट चढताना ती दर वेळी म्हणायची, इथे वर थांबून आपल्या हातचा चहा करून प्यायचा. एसटी थांबायची नाही आणि माझं दुकान बंद व्हायचं नाही, म्हणून चहा राहिला तो राहिलाच. आता तिच्या भाचीचं लग्न ठरलं होतं आणि आम्ही घर घेऊनच येतोय असं मी तिच्या माहेरी फोनवर सांगून बसलो होतो.

आणि घर चढेना. सपाटीवर झकास पळायचं. मुंब्रा बायपासच्या चढाला लागलं की पिकअप गायब. एक्सिलेटर तळाला टेकवला तरी वेग पडत पडत दुसऱ्या गिअरवर, आणि मागे काळा धूर. एक टेम्पोवाला शेजारून जाताना ओरडला, "काका, घर हलवताय तर भाडेकरू तरी उतरवा की!"

बायकोने तिथेच निकाल दिला. "लग्नाआधी ही नीट झाली तर ठेवा. नाहीतर विकून टाका. मी आपली एसटीने जाते, तिला निदान घाट माहितीये."

कल्याणमधल्या तीन मेकॅनिकांना दाखवलं. एक म्हणाला डिझेलचा पंप गेला, दुसरा म्हणाला डिझेल फवारणारे नोझल गेले, तिसऱ्याने इंजिनच उघडायला सांगितलं. एका गोष्टीवर तिघांचं एकमत होतं, गाडी ठेवून जा. मी कुठेच ठेवली नाही. माझं निदान केव्हाच झालं होतं. मेलेलं इंजिन माझ्या गळ्यात मारलंय. लग्न आठ दिवसांवर आलं तेव्हा रविवारी सकाळी बायकोला घेऊन मी भांडायला कोपरीत गेलो.

"मेलेलं इंजिन विकलंत मला!" मी दारातूनच सुरुवात केली.

"मग ते डोंबिवलीहून इथवर आलं कसं?" गृहस्थ चपला घालता घालता म्हणाले. "धूर कसला येतो? पांढरा, निळा की काळा?"

"काळाकुट्ट."

"सकाळी स्टार्ट?"

"एका फटक्यात."

"मग एवढ्यात फोटोला हार घालू नका. चला, गायमुखच्या चढावर बघू."

घोडबंदर रोडला नेहमीसारखी गर्दी. मी हॉर्नवर, ते माझ्या शेजारी डोळे मिटून इंजिन ऐकत. मागे बायको बिछान्यावर बसलेली. गाद्या मी नव्या घातल्या होत्या आणि त्यांचं प्लास्टिक काढू दिलं नव्हतं, त्यामुळे ती जरा हलली की चर्र चर्र वाजायचं. त्यांनी एक डोळा उघडून विचारलं, "हा आवाज इंजिनचा नाही ना?"

"हा माझ्या नशिबाचा आहे, भाऊ," ती मागून म्हणाली.

गायमुखला गाडी नेमकी तशीच दमली. वर मोकळी जागा बघून थांबलो. "काळा धूर म्हणजे डिझेल जातंय, पण ते जाळायला हवा कमी पडतेय," त्यांनी समजावलं. "ताटात वाढलंय भरपूर, पण जेवणाऱ्याचं नाक दाबलंय. पंपाला, नोझलला हात लावायच्या आधी नाक बघायचं." तरी खात्री म्हणून डिझेल फिल्टरखालचा नट सैल करून पाहिलं, पाणी नव्हतं. सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरला, धूर मोकळा येत होता.

"एअर फिल्टर कधी बदलला?"

"गाडी घेतली त्याच दिवशी! नवाकोरा. तुमचा जुना कळकट काढून फेकला."

"बसवला कोणी?"

"मी. त्याला कशाला मेकॅनिक लागतो?"

त्यांनी फिल्टरचा डबा उघडला, आत पाहिलं. मग बायकोला हाक मारली. "ताई, जरा या. तुमच्या नशिबाचा आवाज इथेही आहे."

आत फिल्टर होता. अंगावर प्लास्टिकची पिशवी तशीच, वर दुकानाचं लेबलही.

"टोकं कापली होती मी," मी म्हणालो.

"म्हणून तर बिचारी सपाटीवर चालली! चढावर जोरात श्वास घ्यायला गेली की प्लास्टिक छातीला चिकटतं. पण शेठ, प्लास्टिक ठेवलंत कशासाठी?"

आता हे काय विचारणं झालं? तीस वर्षं गिऱ्हाइकांना मी एकच नियम सांगत आलोय, प्लास्टिक काढलं की माल परत नाही. फिल्टरवाल्याकडून मी भांडून परतीची बोली घेतली होती. शिवाय फिल्टरला धूळ लागली नसती.

शेवटचं वाक्य मी मोठ्याने बोललो, ती चूक झाली. गृहस्थ बंपरला टेकून हसायला लागले. बायकोला तर हसू आवरेना. "भाऊ," ती शेवटी म्हणाली, "आमच्या टीव्हीचा रिमोट अजून पिशवीत आहे. फ्रिजचं हँडल, सोफा, सगळं. चष्म्याच्या काचेवरचं स्टिकर हे झोपलेले असताना मी काढलं."

प्लास्टिक तिनेच फाडलं. मी हात पुढे केला होता, पण तिने फिल्टर माझ्याकडे दिला नाही. परत खाली जाऊन चढलो, तर गाडी तिसऱ्या गिअरवर गायमुख चढून गेली. मी नजर रस्त्यावरच ठेवली. कोपरीत सोडताना मात्र राहवलं नाही. "विकताना निदान सांगायचं तरी!"

"काय सांगू? नव्या वस्तूचं कव्हर काढा म्हणून? तुम्ही त्याचेही पैसे कमी करायला लावले असते."

लग्नाच्या आदल्या दिवशी माळशेज चढलो. मुरबाड सोडल्यापासून बायको समोरच्या घाटाकडेच बघत होती. माथ्यावर मी गाडी कडेला घेतली, तिने शेगडी पेटवली, आलं ठेचलं. दरीकडचा पडदा सरकवून मी ऐटीत बिछान्यावर बसलो. चर्र वाजलं.

"उठा," ती म्हणाली.

मी उठलो. गादीचं प्लास्टिक तिने एका ओढीत फाडलं, घडी करून बेसिनखाली टाकलं आणि मग माझ्या हातात कप दिला.