रापणीच्या चालीने चालणारा कॉम्प्युटर

विश्वेश आमच्या दांडीच्या किनाऱ्यावरचा. बाजारात, भरडावर त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, एवढंसं, की आत दोन गिऱ्हाइकं शिरली तर तिसऱ्याने रस्त्यावर उभं राहून बोलायचं. लहानपणी माडावरून पडला आणि डावा पाय आखूड राहिला. तेव्हापासून चालतो असा की जमिनीवर नाही, होडीत आहे असं वाटावं. मी मुद्दाम विचारते, "काय रे, आज दर्या खवळलोसा दिसता?" तो म्हणतो, "मावशे, तू बोलाक लागलंस की खवळताच."

आधी रेडिओ उघडायचा, मग टीव्ही, मग कॉम्प्युटर. उघडलेली वस्तू परत मिटते हे त्याच्या आईला पटायला बरीच वर्षं गेली. बायको सरला शाळेत शिकवते, ती म्हणते घरातला मिक्सर तेवढा त्याने अजून बघितलेला नाही.

तर त्या दिवशीची गोष्ट. माझा शेजारी बाळा रापण ओढणारा, त्याची मुलगी दिव्या. तिला फिल्म बनवायचं शिकायला मोठ्या कॉलेजात जायचंय. आपल्या रापणीवरच, दोन बाजूंनी दोऱ्या धरून किनाऱ्यावर जाळं ओढतात त्यावर, तिने छोटी फिल्म केली होती आणि ती पाठवायची मुदत त्याच संध्याकाळी संपत होती. पण कॉम्प्युटर फिल्म जोडता जोडता मधेच गोठायचा. रॅम कमी पडते म्हणाली. रॅम म्हणजे कॉम्प्युटरने कामापुरतं हाताशी धरलेलं सगळं, वीतभरही नाही अशी हिरवी पट्टी, तिला खाली सोनेरी दात. तिचा मुंबईचा आतेभाऊ दीपेश, त्याने आणखी एक पट्टी ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडून पाठवली. दिव्याने बसवली, बटण दाबलं, आणि होतं तेही बंद. पंखा फिरतो, पडदा काळा. जुनी एकटी लावून बघितली, तरी काळाच.

"दीपेशान नको ती पटी पाठवल्यान," दिव्या म्हणाली. "माझ्या बोर्डाक ती सोसणा नाय. आता माझा सगळा गेला."

पोरगी रडत नव्हती, म्हणून जास्त भीती वाटली. मीच विश्वेशला फोन लावला.

तो मागे दोन जादा चाकं लावलेल्या स्कूटरवरून आला. नवी पट्टी उजेडात धरली. "बोर्डाची जात आणि पटीची जात एकच आसा," तो म्हणाला. "ही मधली खाच बघ. जात वेगळी असती तर खाच जुळलीच नसती, पटी आत गेलीच नसती." मग पट्टी नाकाशी नेली आणि थांबला. जुनी पट्टी काढून तिचाही वास घेतला.

"बाळा," तो दाराकडे वळून शांतपणे म्हणाला, "खोबरेल तेल कोणी लावल्यान?"

बाळा दारात उभा. इंजिनापासून देवघराच्या कडीपर्यंत तेल लावल्याशिवाय ज्याला झोप येत नाही असा माणूस. म्हणाला, "मीच लावलंय. ह्या माझा चेडू आंघोळीक गेला होता, कॉम्प्युटरचो डबो उघडो, दोनय पटी भायर होते. हयसर खारो वारो लोखंडाक सोडणा नाय. म्हटला, दोघांका लावया."

"बाबा!" दिव्या ओरडली.

"केसांक लावलंस ता थोडा होता?" मी म्हटलं. "आता त्याका आंबाडो घालूया."

विश्वेश हसला नाही, त्याचे हात कामाला लागले होते. सोनेरी दात स्पिरिटने पुसले, खोडरबराने हलके घासले, बोर्डावरच्या खाचा ब्रशने साफ केल्या, सगळं सुकू दिलं. दोन्ही पट्ट्या बसवल्या. पडदा उजळला. दिव्याचा जीव भांड्यात पडला, पण क्षणभरच.

"वेग कमी दाखवता," ती म्हणाली. "नवी सेकंदाक तीनशे वीस कोटी वेळा माहिती देते. हय दोनशे चाळीसच. माका फसवल्यानी."

"फसवूक नाय. जुनी पटी तेवढीच धावता, म्हणान नवी तिच्याबरोबर चलता." विश्वेश बाळाकडे वळला. "तू सांग हिका. रापणीची एक दोरी भरभर ओढली तर काय होता?"

"जाळा तिरका होता, मासो सुटता," बाळा म्हणाला. मग त्याने विश्वेशच्या पायाकडे बघितलं. "ह्येका ठाऊक आसा. पाय मोडल्यावर ह्यो पयल्यांदा ओढूक इलो, दोरी सोडीना. मगे आमची बाजू हळू झाली, समोरचीय झाली. त्या दिवशी सगळो किनारो ह्येच्या पायान चललो."

"आणि मासो?" मी विचारलं.

"गावलो मगे," विश्वेश म्हणाला. "तुझ्या वाट्याक बांगडे इले ते विसरलंस?"

मी नाही विसरले. पण माझं डोकं त्या आकड्यातच अडकलं होतं. दोनशे चाळीस कोटी. मी पापणी मिटून उघडते तेवढ्या वेळात त्या दोन हिरव्या पट्ट्यांनी कोट्यवधी वेळा पाऊल टाकलं, आणि एकदासुद्धा एक पुढे गेली नाही. आमच्या तिन्ही सुनांना एका वेळी जेवायला बसवताना माझी वाट लागते.

दिव्याने फिल्म लावली. ह्या वेळी गोठली नाही. पडद्यावर आमचाच किनारा, दोन दोऱ्या, दोन्हीकडे माणसांच्या रांगा. मागे मागे पावलं टाकत, ओढत, हळूहळू एकमेकांकडे सरकत येणाऱ्या. जन्मभर रोज बघितलेलं, पण असं कधी बघितलं नव्हतं. इतकी माणसं, कोणी हुकूम देत नाही, आणि सगळ्यांचे पाय एका वेळी वाळूत रुततायत. बाळाने टोपी काढून हातात घेतली. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

दिव्याने पाठवायचं बटण दाबलं. निळी रेघ पुढे सरकत गेली, आम्ही चौघं पडद्यावर वाकलेले. बाहेर उन्हं तांबडी व्हायला लागली होती. रेघ टोकाला पोचली, आणि फिल्म मिळाल्याचा निरोप आला.

विश्वेश उठला, खोबरेलाची बाटली उचलून बाळाच्या हातात दिली. "ही लाव आता माझ्या स्कूटरच्या चाकांका. कुरकुरतत."

बाळा खरंच लावायला बसला.