खालाचा टांगा

तव्हा तिथं आम्ही चौघंच. मी, माझी सासू, दोन वर्सांचा माझा गणू, अन् भिंतीपल्याडची टांगेवाली खाला. गणूचा बाप आधीच देवाघरी गेल्ता. खालाचा नवरा जालन्याला टेसनावर टांगा हाकायचा. तो वारला, घोडं इकलं, अन् ती हसनाबादला आमच्या शेजारी येऊन राह्यली.

खाला रडत्या लेकराला कधी ‘गप’ म्हनली न्हाई. गणू चिडला का दम कोंडायचा, ओठ निळे पडायचे. सासू तोंडावर पानी मारायची, मी पाठीत धपाटा घालायचे. खाला यायची, त्याला मांडीवर घेऊन त्याच्या छातीवर तळवा ठेवायची. “टांगा दौडू राह्यला बेटा. रुकने दे. मंग उतर.” काळजाला ती टांगा म्हनायची. अन् रुकायचा की तिच्या हातानं!

मला ते बघवायचं न्हाई. दिवसभर लोकाच्या रानात निंदायचं, दुधानं चोळी भिजायची, अन् घरी यावं तर लेकरू तिच्या ओढणीत तोंड खुपसून. हात पुढं केला तर माझ्याकडं यायचं न्हाई.

एकदा बोललेच, “खाला, तुला न्हाई म्हनून माझं घेती का?”

ती हसली. “घेतलं असतं गं. पर झोपंत तुलाच हुडकतंय मेलं.” मंग तळवा माझ्या छातीवर ठेवला. “या अल्ला! तुझा टांगा तर त्याच्याहून जोरात. लेकरानं उतरावं कुठं?”

म्या हात झटकला.

पुढं तिचा भाऊ तिला न्यायला आला. ती बैलगाडीत बसली अन् गणूनं दम कोंडला. निळा पडला. मी वरडले, “खाला, उतर!” ती उतरली न्हाई. “अब तूच,” म्हनली. गाडी हालली.

म्या त्याला घेऊन रस्त्यातच बसकन मारली. आधी माझी धडधड खाली येऊ दिली. मंग त्याच्या छातीवर हात ठेवला. त्यानं दम घेतला, अन् माझ्याच पदरात रडला. गाडी वळून गेल्ती. खालानं बघायला पायजे होतं.

आता गणूला नातवंडं हायेत. लेकरू चिडलं का तो म्हनतो, “टांगा रुकने दे.” बोल तिचाच. अजून लागतं मला.

माझ्यानं त्याच्या तोंडावर बोलवत न्हाई. वाचनाऱ्या, गणू भेटला तर एवढं सांग. टांगा खालाचा होता. पर त्या दिवशी थांबवला म्या.