पाहणीच्या दिवशीचा तांब्या

आमचं गाव पाण्यात बुडवायचं घाटतंय आणि गावात प्यायला पाणी नाही. हे मी इतक्या जणांना सांगितलंय, की आता सांगायचाही कंटाळा येतो. कयाधू नदीवर धरण होणार, त्यात घरं-शिवार सगळं जाणार, म्हणून गाव विरोधात उभं राहिलं. धरण नको, आजूबाजूच्या गावांसाठी जी नळयोजना होतेय तिच्यात आम्हालाही घ्या, एवढंच आमचं मागणं. त्यावर पारावर बैठका होतात आणि बोलतात फक्त पुरुष. थेट शिवाराच्या टोकाच्या बोअरवरून डोक्यावर हंडे आणतो आम्ही बाया. बोलून बोलून घसा कोरडा पडला, की ही मंडळी आमच्याच दारात पाणी मागतात.

आणि ते मिळतं, कारण माझ्या सासूबाई. दारात माणूस आला की आधी तांब्या, मग नाव-गाव. पाय धुवायला वेगळा, प्यायला वेगळा आणि दोन्ही काठोकाठ. अर्धा तांब्या पुढं करणं म्हणजे त्यांच्या लेखी पाहुण्याला ‘उठा आता’ म्हणणं. मोर्च्याचे पुढारी आले, त्यांना तांब्या. धरणाची मोजणी करणारे आले, ज्यांना गावानं शिव्या घालून हाकललं, त्यांनाही जाताना तांब्या. मी कपाळाला हात लावायची.

गेल्या उन्हाळ्यात नळयोजनेचे साहेब पाहणीला आले. गावात टंचाई किती, हे बघायचं होतं. विहीर कोरडी होती, ती त्यांनी वरून पाहिली. मग ते घरोघर फिरले आणि आमच्या शहाण्या गावानं त्यांना दारोदार पाणी पाजलं. आमच्याकडं तर हात-पाय धुतले, प्यायले, वर ड्रायव्हरनं बाटली भरून घेतली. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार म्हणतात; आमच्या आडात थेंब नव्हता आणि पोहरे मात्र भरभरून चालले होते.

पुढं कळलं, साहेबांनी शेरा मारला होता: गावात पाणी पुरेसं आहे, योजनेची गरज नाही. पारावर लगेच ठरलं, हा धरणवाल्यांचा डाव. डाव कसला? हात दाखवून अवलक्षण. माझं डोकं फिरलं.

“आत्याबाई, काहून पाजलं इतकं पाणी त्यायला?”

“मंग काय वाळल्या तोंडानं जाऊ देऊ, माय? उन्हातून आले होते लेकरं.”

साहेबांना लेकरं म्हणणाऱ्या बाईशी काय भांडणार? पालथ्या घड्यावर पाणी. तेही आमच्याकडं नव्हतं.

नवऱ्यानं आणि चार जणांनी हिंगोलीला खेटे घालून पुन्हा पाहणी मंजूर करून आणली. आताही गाव योजनेतून सुटलं, तर धरणाशिवाय दुसरा इलाज नाही, असं आम्हालाच ऐकवलं जाणार होतं. म्हणून या वेळी मी पारावर गेले. बायांनी बोलायची रीत नसली तरी बोलले. कोणाच्याही दारात पाणी द्यायचं नाही, हे सगळ्यांकडून वदवून घेतलं. सासूबाईंनी तेवढा शब्द दिला नाही. मला त्यांचीच धास्ती होती.

पाहणीच्या दिवशी मी दारातच ठाण मांडलं. रांजण कोरडा होता. आत एक कळशी होती, स्वयंपाकापुरती, ती मी झाकून ठेवली. साहेब भर दुपारी आले. नवे होते, थोराड, घामानं सदरा पाठीला चिकटलेला. ओसरीवर बसले, तोंड पुसलं आणि म्हणाले, “थोडं पाणी मिळेल का, आजी?”

मला पुढं होऊन बोलायचं होतं. एवढी तोंडाळ मी, पण सुकल्या ओठांच्या माणसाला ‘नाही’ म्हणायला कोणी शिकवलंच नव्हतं.

सासूबाई उठल्या. आता ह्या आत जाणार आणि कळशी काढणार, असं मला वाटलं. त्या जागेवरच उभ्या राहिल्या, पदर पुढं ओढला आणि म्हणाल्या, “न्हाई साहेब. घरात पाणी न्हाई.”

साहेबांनी रांजणात डोकावून पाहिलं, काहीतरी लिहून घेतलं आणि गेले. नवरा नंतर हसत आला. पाहणी बराबर झाली, आता गाव योजनेत बसतंय, म्हणाला. मलाही आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

आत आले तर सासूबाईंनी कळशीतून तांब्या भरून घेतला होता, नेहमीसारखा काठोकाठ. तो हातात धरून त्या रस्त्याकडं बघत होत्या.

“जीप वारंग्याच्या फाट्याला पोचली असंल का गं?” त्यांनी विचारलं.

पोचली असेल, म्हटलं, आणि तिथं दुकानात पाण्याची बाटली मिळते.

“इकतच ना,” त्या म्हणाल्या, आणि तांब्या तसाच हातात धरून रडायला लागल्या.