तुरटी फिरवलेला पुरावा

महाडला मी वकिली सुरू केली तेव्हा माझ्याकडे एक टेबल, दोन खुर्च्या आणि भरपूर राग होता. अशील मात्र नव्हते. त्यामुळे डोंगरावरच्या वाडीतली एक मावशी दुधाचा रिकामा कॅन घेऊन दारात उभी राहिली, तेव्हा तिचं पुरतं ऐकून घ्यायच्या आधीच मी 'केस घेते' म्हणून मोकळी झाले.

मावशी आपल्या म्हशींचं दूध रोज बिरवाडीत कामगारांच्या खोल्यांवर घालायची. उन्हाळ्यात वरचे झरे आटले की अख्ख्या वाडीची गुरं पायथ्याच्या ओढ्यावर उतरत. माणसंही तिथलंच पाणी भरत. त्या ओढ्यात एका कारखान्याच्या मागच्या नाल्यातून अधूनमधून पिवळं पाणी येऊ लागलं होतं. म्हशी त्याला तोंड लावत नसत, आणि तहानेने लावलंच तर दूध कमी व्हायचं.

"म्हशी इकल्या तर त्या डोंगरावर आमी रहायचं कशाला गो?" तिने विचारलं. माझ्या पहिल्या खटल्यात पणाला लागलेलं होतं ते एवढंच.

मी प्रांतसाहेबांपुढे अर्ज केला. साहेबांनी दोनदा पाहणीचा हुकूम दिला. दोन्ही वेळा तारीख कारखान्याला आधी कळवली गेली, आणि दोन्ही वेळा ओढा इतका नितळ की तळातले गोटे दिसावेत. कारखान्याचे वकील मुंबईहून यायचे. फार गोड बोलायचे. मला 'ताई' म्हणायचे, त्याने माझं डोकं आणखीच फिरायचं.

शेवटी मी मावशीला सांगितलं, आता पिवळं पाणी आलं की एक बाटली भरा आणि तारखेला घेऊन या. नमुना प्रदूषण मंडळाच्या अधिकाऱ्यांनीच घ्यावा लागतो, असल्या बाटलीला कायद्यात फारशी किंमत नाही, हे मला ठाऊक होतं. पण साहेबांच्या डोळ्यांना तरी दिसेल. वर मी शहाणीने बजावलं, "स्वच्छ असू दे हं मावशी, साहेबांपुढे ठेवायचंय." मला म्हणायची होती बाटली.

तारखेला मावशी ठेवणीतलं लुगडं नेसून आली. तिने पदराआडून बाटली काढून दिली आणि मी मोठ्या ऐटीत, न बघताच, ती साहेबांच्या टेबलावर ठेवली.

"हे पाहा साहेब, वाडीची गुरं काय पितात ते."

साहेबांनी पाहिलं. मग मी पाहिलं. बाटलीतून पलीकडच्या फाइलवरची अक्षरं वाचता येत होती.

"ताई," कारखान्याचे वकील म्हणाले, "आमच्या ऑफिसात इतकं चांगलं पाणी येत नाही हो."

खोलीतले सगळे हसले. साहेबांनी दुसरं प्रकरण पुढे ओढलं. मी मावशीला हाताला धरून व्हरांड्यात नेलं आणि तिच्यावर नको तेवढी ओरडले. "पिवळं पाणी आणायला सांगितलं होतं ना!"

"पिवळंच भरलं," ती म्हणाली. "मग तुरटी फिरवली, दिसभर निवळत ठेवलं, आन चौपदरी फडक्यातनं दोनदा गाळलं. तूच म्हनलीस ना सोच्छ पायजे? आमच्यात पावन्याला बी गाळल्याबिगर पानी देत नाय. ह्ये तर साहेब."

मी कपाळावर हात मारला. माझं तोंड बघून तिचेही डोळे भरून आले. बाटली ज्यात गुंडाळून आणली होती ते फडकं तिने कमरेचं काढलं आणि डोळ्यांना लावायला निघाली. मी ते हिसकावूनच घेतलं. मधोमध भला मोठा जर्द पिवळा डाग होता.

"ह्यातूनच गाळलंत?"

"ह्यातनंच. तीनदा धुतलं, सोडा लावला, पन जात नाय मेला."

मी पुन्हा आत शिरले आणि बाटलीशेजारी फडकं पसरलं. साहेबांनी ते उचलून हुंगलं आणि लगेच खाली ठेवलं. कारखान्याचे वकील म्हणाले, "हळद असेल, साहेब. स्वयंपाकघरातलं फडकं आहे."

मावशी दारातूनच बोलली, "हळद उन्हात उडते, साहेब. ह्ये वाळत घातलं तवा आनखी गडद झालं."

साहेब तिच्याकडे बघत राहिले. त्यांच्या घरीही कुणीतरी हळदीचे कपडे उन्हात टाकत असणार. त्यांनी घंटी वाजवली आणि जीप काढायला सांगितली. आत्ताच्या आत्ता.

सुनावणीच्याच दिवशी कुणी ओढ्यावर येईल, असं कारखान्यात कुणाच्या मनातही आलं नसावं. आम्ही पोचलो तेव्हा नाला पिवळाधमक वाहत होता. साहेबांनी तिथूनच अधिकाऱ्यांना बोलावून घेतलं आणि रीतसर, मोहोरबंद नमुना घेतला गेला. पुढे नाला बंद करण्याचा हुकूम झाला. त्यालाही दीड वर्ष लागलं, पण झाला. ते फडकं फाइलला टाचलेलं असायचं. दर तारखेला मी ते बघायचे आणि मला उगाच बरं वाटायचं.

निकालानंतर दुसऱ्या उन्हाळ्यात मी पोलादपूरहून परतताना वाट वाकडी करून ओढ्यावर गेले. मावशीच्या म्हशी पाण्यात बसल्या होत्या, नुसती डोकी वर. इतका आनंद मला पुढे मोठ्या कोर्टातही झाला नाही. मावशीने ओढ्याच्या वरच्या अंगाला जाऊन तांब्या बुडवला आणि माझ्यापुढे धरला.

"गाळलं नाय हां, वकीलबाय," ती म्हणाली. "तुला गाळल्यालं पानी चालत नाय."

निकालाचा कागद मला तोंडपाठ होता, तरी तांब्या हातात घेऊन मी जरा थांबलेच. ती कमरेवर हात ठेवून बघत होती. मी तो सगळा प्यायले आणि रिकामा तांब्या पुन्हा तिच्यापुढे केला.