धोंडूकाकाची चोरीला गेलेली माती

आमचा धोंडूकाका जन्माचा संशयी. दुकानातून आणलेली साखर आधी हुंगून बघणार. मी तब्येत विचारली तरी त्याला कशासाठी ते कळायला हवं; म्हणणार, "कित्याक इचारतंस?"

पण एकदा त्याच्या संशयाला खरीच जागा मिळाली. धामापूरच्या अलीकडे त्याचं पाणथळ शेत आहे, काळ्याभोर मातीचं. काजूची कलमं लावायची म्हणून सहा वर्षांपूर्वी त्याने चर खणून तिथलं पाणी काढून टाकलं. त्या शेतातला चिऱ्याचा खांब तेव्हा गुडघ्याएवढा होता. तो आता मांडीला लागू लागला. कलमांची मुळं उघडी पडली.

"माझी माती कोणतरी नेता," काका म्हणाला. कोणतरी म्हणजे शेजारच्या शेतातला बाबली.

काकाने बांधावर राख पसरली. तीन दिवसांत तिच्यावर पावलं उमटली ती फक्त त्याचीच. त्यावरून बाबली किती बेरकी आहे हे काकाला पटलं. बाबलीला तोंड दाखवायची मला लाज वाटायची.

शेवटी प्रकरण सातेरीच्या देवळात गेलं. मानकऱ्याने काकाच्या वतीने गाऱ्हाणं घातलं, "जो कोण धोंडूची माती नेता, तेच्या घराचा वाटोळा कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले. बाबलीचा आवाज सगळ्यांत मोठा. काकाला त्यातही काळंबेरं दिसलं.

महिन्याभराने पूजा नावाची कॉलेजातली मुलगी मातीचे नमुने घ्यायला आली. तिने दोन्ही शेतांत लांब पाइप खुपसले.

"बाबलीन पाठवल्यान काय गो तुका?" काकाने विचारलं.

ती हसली. "काका, ही माती म्हणजे हजारो वर्षांची अर्धवट कुजलेली पानं. पाण्याखाली हवा पोचत नव्हती, म्हणून टिकली. तुम्ही चर काढलात, पाणी उतरलं, पानं कुजून त्यांतला कार्बन हवेत गेला. त्यात उन्हाळे असे वाढलेले. बाबलीकाकांकडे चर नाही, तरी त्यांचंही शेत मार्चमध्येच सुकतंय. चार बोटं बसलंय."

काका बाबलीच्या शेतात गेला, खाली वाकला आणि भेगेत बोटं घालून बघून आला.

"म्हणजे माती नेणारो मीच?"

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. घरात सून रसिका सात महिन्यांची गरोदर. आणि त्या घराचं वाटोळं त्याने स्वतः मागून घेतलेलं. इतकी वर्षं मी त्याच्यावर चिडलो, पण त्या दिवशी मला त्याची फार दया आली.

दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच्या हाताने चर बुजवला. मग नारळ घेऊन देवळात उभा राहिला. मानकऱ्याला थांबवून स्वतःच बोलला, "चोर गावलो म्हाराजा. तो मीच. काय ती शिक्षा माका दी. घराक हात लावू नको."

असल्या मागण्याला होकार कोण देणार?

बाबली पुढे आला आणि सगळ्यांत मोठ्याने म्हणाला, "तेका पण माफ कर म्हाराजा!"

काकाने वळून त्याच्याकडे पाहिलं. कित्याक, असं मात्र विचारलं नाही.