शेजारून परत आलेलं ताट

"अहो, ठेवा ती करंजी खाली!" बायको ओरडली.

दिवाळीला जमलेली भावंडं कालच पांगली होती. चार दिवस आम्ही एवढं हसलो, एवढं खाल्लं, की आमची इमारत पूर्वेकडे वीतभर कललीच म्हणा. पण आज सकाळी दुसऱ्याच मजल्यावर माझा श्वास अडकला, छातीत नगारे वाजू लागले आणि मी कठडा धरून बसलो. वडीलही असेच जिन्यात बसले होते, ते उठले नाहीत. घाबरून मी उरलेला फराळ शेजारी दिला, तर ताट रिकामं कसं पाठवायचं म्हणून तिथून करंज्यांचा हिमालय आला. मायेला नाही म्हणायची भीती जुनीच. आता हो म्हणायचीही वाटते.

करंजी ठेवली. "पुढची दिवाळी बघायचीय गं मला."

"मग चला फिरायला," ती म्हणाली, "मी चप्पल घालते."