ग्लेंडाच्या नावाची ओळ

ग्लेंडा फ्रीसनइतकी दमलेली बाई विनिपेगमध्ये दुसरी नसेल. धान्याच्या कोठारांवर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर आमची कंपनी करते. त्याच्या नव्या आवृत्त्या ठेवून जुन्या आपोआप पुसणारी स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, ग्लेंडाचा. फाइलच्या पाथमधून, म्हणजे ती कुठे ठेवलीय त्या पत्त्यातून, आवृत्तीचा आकडा हुडकणारी त्यातली ओळही तिचीच. कंस, टिंबं, तिरक्या रेघा, नुसता किचकाट.

आमच्याकडे रीतच मेली वाईट. ओळीला शेवटचा हात ज्याचा, त्याचं नाव तिच्यासमोर दिसतं आणि बिघडलं की फोन त्यालाच. म्हणून ती ओळ कळत असूनही कुणी शिवत नव्हतं, मी धरून. तिची दाढ काढली त्या दिवशीही फोन ग्लेंडालाच, सुनेच्या बाळंतपणातही तिलाच.

मार्चमध्ये तिची बहीण आयरीन ब्रँडन गावच्या इस्पितळात अखेरच्या घटका मोजत होती. ग्लेंडानं रजा घेतली. या खेपेला तरी मला सोडा रे, एवढंच म्हणून गेली.

आणि नेमकी त्याच आठवड्यात दहावी आवृत्ती निघाली. ओळ लिहिली तेव्हा कंपनीच तगेल की नाही याची शंका, त्यामुळे ग्लेंडानं एकाच आकड्याची सोय ठेवली होती. ओळीनं दहामधला एक तेवढा वाचला. स्क्रिप्टला वाटलं, ही पहिली आवृत्ती, म्हणजे कचरा. ताजी दहावी पुसून मोकळी.

आमचा साहेब कर्टिस म्हणाला, ग्लेंडाला विचार, पाच मिनिटांचं काम. मला या सगळ्याचाच वीट आला होता, तरी फोन लावला. ती खोलीबाहेर येऊन बोलली.

"आयरीननं आत्ताच डोळे उघडलेत," ती म्हणाली. "थांब, लॅपटॉप काढते."

"काढू नकोस. एकाऐवजी कितीही आकडे चालतील असं करायचं, एवढंच ना? मी करतो."

"तुझं नाव लागेल, वॉरेन. जन्माचं लचांड आहे ते."

"लागू दे. तू आत जा."

ओळीत अधिकचं चिन्ह घातलं, म्हणजे एक किंवा जास्त आकडे चालतात, नऊ, दहा, अकरा घालून पाहिले, पुसलेलं परत आणलं. तिचं नाव गेलं, माझं आलं.

आयरीन रविवारी गेली, ग्लेंडा उशाशी होती. दफनानंतर चर्चच्या तळघरात आम्ही बन आणि चीज खात बसलो होतो, तेवढ्यात फोन वाजला. ग्लेंडाचा हात सवयीनं पर्सकडे गेला. वाजत होता माझा.